आळशी डोळा आणि मेंदूची जाडी: १.६ खरी की २.३?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही कळेल. मिरजेत ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडं आळशी डोळा म्हणजे लेझी आय (डोळा वरकरणी ठीक, पण लहानपणी मेंदू त्या डोळ्यानं नीट बघायला शिकलेला नसतो) असलेल्या १८ जणांचे आणि नॉर्मल १५ जणांचे ब्रेन एमआरआय आहेत, एका सेंटरच्या जुन्या रेकॉर्डमधले. त्यावरून मेंदूच्या मागच्या बाजूला बघण्याचा जो भाग असतो त्याची जाडी काढायची आहे. सॉफ्टवेअरच्या एका तक्त्यात १.६ मिलिमीटर दिसते, दुसऱ्या तक्त्यात २.३. गाइड म्हणतात कुठलीतरी एक धरा आणि पुढं चला. ताईंचा प्रश्न असा की यातली खरी कुठली, आणि लेझी आय मेंदूचा प्रॉब्लेम आहे तर पेशंटची जाडी कमी यायला पाहिजे ना, ती का येत नाही.

मी सांगलीचीच, विश्रामबागला राहते. आठ वर्षं एमआरआयच्या कन्सोलवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून बसले आणि त्यानंतर गेली अकरा वर्षं स्कॅनवरून मेंदूची मापं काढायचंच काम करते. तुमच्या गाइडना दुखवायचं नाही, पण ‘कुठलीतरी एक धरा’ हे मात्र करू नका. मला वाटतं तुमचा प्रश्न आकड्याचा नाहीच मुळात, तो आहे की नेमकं कुठून कुठंपर्यंत मोजलं आणि ते मोजण्याजोगा फोटो तुमच्याकडं आहे का.

माझं माहेर तासगावकडचं, घरात द्राक्षबाग. एक्स्पोर्टचा माल निघायचा तेव्हा भाऊ हातात गेज घेऊन बागेत फिरायचा, मणी १६ एमएम आहे का १८ एमएम. लांबट मणी देठाजवळ वेगळा भरतो, मधोमध वेगळा, आणि माल घेणाऱ्याबरोबर वाद व्हायचा तो त्याच्यावरूनच. मणी तोच असायचा, गेजही तेच, फक्त कुठं धरायचं ते ठरलेलं नसायचं. मेंदूचं तसंच आहे, फक्त इथं मणी दोन मिलिमीटरचा आहे आणि गेजची खूण एक मिलिमीटरची.

आता जागा समजून घेऊ. डोक्याच्या मागं, आतल्या बाजूला, कॅल्करिन नावाची एक खोल घडी आहे. बघण्याचा पहिला भाग, ज्याला व्ही-वन म्हणतात, तो बहुतेक या घडीच्या आत दडलेला असतो, वरच्या आणि खालच्या भिंतीवर, आणि थोडा मागच्या टोकाला बाहेर येतो. घडीच्या वरच्या भिंतीवर समोरच्या दृश्याचा खालचा भाग उमटतो, खालच्या भिंतीवर वरचा, आणि डावीकडचं सगळं उजव्या मेंदूत. हे कळलं कसं तर गोळ्या लागलेल्या सैनिकांवरून, तात्सुजी इनोये नावाच्या जपानी डोळ्यांच्या डॉक्टरांनी रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांना तपासून, कुणाला कुठलं दिसत नाही आणि गोळी कुठून कुठं गेली याचा मेळ घालून १९०९ मध्ये ते मांडलं. नजरेच्या मधल्या १० अंशांना या भागातली जवळजवळ निम्मी जागा मिळते, म्हणजे तुम्ही तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावता ती वाचणारी जागा मागच्या टोकाला आणि त्याच्या आसपास आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

व्ही-वनची जाडी साधारण दोन मिलिमीटर, इकडं तिकडं थोडी. मेंदूच्या सगळ्या सालीची, म्हणजे बाहेरच्या करड्या थराची, सरासरी अडीचच्या आसपास असते, त्या मानानं हा भाग पातळच. एका बाजूचा व्ही-वन उलगडून पसरला तर ढोबळमानानं अर्ध्या व्हिजिटिंग कार्डाएवढा होईल, पण माणसामाणसात त्याचं क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट सुद्धा वेगळं असतं, आणि तेही नॉर्मल माणसात.

आता १.६ आणि २.३ कडं येते. तुम्ही फ्रीसर्फर, म्हणजे स्कॅनवरून मेंदूची मापं काढणारं सॉफ्टवेअर, वापरताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. मग आधी तक्त्यातल्या ओळीचं नाव नीट वाचा. माझा अंदाज आहे १.६ च्या ओळीपुढं पेरिकॅल्करिन लिहिलं असेल आणि २.३ च्या पुढं लॅटरल ऑक्सिपिटल किंवा तसंच काहीतरी. तसं असेल तर भांडणच मिटलं, त्या दोन पद्धती नाहीत, त्या दोन वेगळ्या जागा आहेत. लॅटरल ऑक्सिपिटल म्हणजे मागचा बाहेरच्या बाजूचा भाग, तोही बघण्याचंच काम करतो पण तो व्ही-वन नाही, आणि त्याची जाडी जास्तच असते. पेरिकॅल्करिन सुद्धा अगदी व्ही-वन नाही बरं का, तो घड्यांच्या खुणांवरून आखलेला भाग आहे, व्ही-वनचा मोठा हिस्सा त्यात येतो पण टोकाकडचा बराचसा बाहेर राहतो, आणि टोकाकडचा म्हणजे मधल्या नजरेचा, ज्याच्यासाठी तुम्ही लेझी आयचा अभ्यास करताय तोच. फ्रीसर्फरमध्ये व्ही-वनची वेगळी अंदाजी आखणी मिळते, तीही घड्यांवरूनच बांधलेली आहे, पण ज्यांच्या मेंदूचे मृत्यूनंतर बारीक स्कॅन झाले आणि व्ही-वनची खरी हद्द दिसली त्यांच्यावरून शिकवलेली. तुमच्या कामाला ती जास्त बरी.

खरी हद्द दिसली म्हणजे काय, तर व्ही-वनच्या सालीत मधोमध एक पांढरट पट्टा असतो. १७७६ साली इटलीत पार्म्याला फ्रान्चेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला गोठवलेला मेंदू कापताना तो पहिल्यांदा दिसला, म्हणून त्याला जेन्नारीचा पट्टा म्हणतात. शिकत असतानाच दिसला, हे मला माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला आवडतं. पट्टा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतो पण कापलेल्या मेंदूत नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो जिथं संपतो तिथं व्ही-वन संपला. नेहमीच्या एक मिलिमीटरच्या एमआरआयमध्ये तो वेगळा दिसत नाही, पण मोजमापात घोळ मात्र घालतो. कसा ते सांगते. सॉफ्टवेअर जाडी काढतं म्हणजे दोन रेघा ओढतं, एक आतली, जिथं पांढरा भाग संपून करडा सुरू होतो, आणि एक बाहेरची, जिथं करडा संपून मेंदूभोवतीचं पाणी सुरू होतं. या दोन रेघांतलं अंतर म्हणजे जाडी. व्ही-वनमध्ये या पट्ट्यामुळं करडा भागच मुळात उजळ दिसतो, मग आतली रेघ फसते आणि पाहिजे त्यापेक्षा थोडी बाहेर सरकते, जाडी कमी भरते. म्हणून १.६ बघून लगेच ‘केवढा पातळ’ असं म्हणायचं नाही. एमआरआयचा १.६ आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली जाडी एका रांगेत ठेवायचीच नाही, काचपट्टीवरचा तुकडा प्रक्रियेत आकसलेला असतो तो भाग आणखी वेगळा.

मग १.६ चा उपयोग काय? उपयोग तुलनेचा. सगळ्यांचे स्कॅन एकाच मशीनवर, एकाच सेटिंगवर, एकाच पद्धतीनं मोजले असतील तर चूक सगळ्यांत सारखी बसते आणि दोन गटांतला फरक काहीतरी सांगू शकतो. हे ‘असतील तर’ फार मोठं आहे आणि सगळं तिथंच अडतं.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ‘जुन्या रेकॉर्डमधले’ या शब्दांची. रोजच्या कामात आम्ही डोक्याचा एमआरआय करतो तेव्हा बऱ्याच सिक्वेन्स, म्हणजे फोटो घ्यायच्या ठरलेल्या पद्धती, ५ मिलिमीटरच्या जाड कापाच्या असतात, दोन कापांत थोडी मोकळी जागाही सोडलेली असते. रिपोर्टसाठी ते पुरतं, गाठ, रक्तस्राव, सूज सगळं दिसतं. पण दोन मिलिमीटरची साल ५ मिलिमीटरच्या कापात कशी मोजणार? आपल्याकडं ऊस सगळ्यांनी बघितलाय म्हणून त्याचंच सांगते, कांडी सरळ छाटली तर गोल चकती मिळते, तिरका कोयता मारला तर लांबट. ऊस तेवढाच जाड आहे, छाट तिरकी आहे. कॅल्करिनच्या भिंती साधारण आडव्या असतात आणि आपले नेहमीचे काप पण आडवेच, म्हणजे काप भिंतीला छेदून जायच्या ऐवजी भिंतीच्या अंगाअंगानं जातो, आणि दोन मिलिमीटरची साल पडद्यावर सेंटिमीटरभर रुंद करडा डाग होऊन बसते. त्यावर माऊसनं रेघ ओढून जाडी लिहिलेले प्रोजेक्ट मी बघितलेत. तसं करू नका. पाहिजे ती थ्रीडी टी-वन सिक्वेन्स, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, तिन्ही दिशांना सारखी. एमपीरेज किंवा तसल्या दुसऱ्या नावानं ती असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ती नसेल तर जाडीचा विषय तिथंच थांबवा, सॉफ्टवेअर जाड कापांवरूनही आकडा देईल, पण तो आकडा मापाचा नसतो. एक मिलिमीटरमध्ये सुद्धा सालीच्या जाडीत दोनच ठोकळे (ज्यांचा मिळून स्कॅन बनतो ते छोटे चौकोनी तुकडे) बसतात, म्हणून तर अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टनं रचनेचे स्कॅन ०.७ मिलिमीटरवर घेतले.

दुसरी गोष्ट हालचालीची. लेझी आयचे पेशंट म्हणजे बहुतेक लहान मुलं, आणि मूल हलतं. थोडं हललं तर फोटो बघून कळत पण नाही, पण रेघा धूसर होतात आणि जाडी कमी भरते. म्हणजे पेशंट मुलं आणि नॉर्मल मोठी माणसं असं असेल तर पेशंटची साल पातळ निघेल आणि तुम्ही म्हणाल लेझी आयमुळं, आणि खरं कारण पोरगं हललं एवढंच. मी कन्सोलवर असताना मुलांच्या कानांशेजारी टॉवेलच्या घड्या दाबून बसवायचे आणि सांगायचे, आवाज चालू आहे तोपर्यंत स्टॅच्यू, थांबला की ओव्हर. पाच मिनिटांची सिक्वेन्स दोनदा घ्यावी लागली तरी घ्यायचे. बाहेर नंबर लागलेले असायचे, पण हललेला स्कॅन नंतर कशानं दुरुस्त होत नाही.

शिवाय वय. लहानपणापासून वाढत्या वयात साल हळूहळू पातळ भरत जाते, ते नॉर्मलच आहे. आठ वर्षांच्या मुलाची तिशीतल्या माणसाशी तुलना करून उपयोग नाही. आणि एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय, नुसत्या लेझी आयसाठी कुणी सहसा एमआरआय करत नाही, मग या १८ जणांचे का झाले? फिट्स? डोकेदुखी? डोक्याला मार? वेळेआधी जन्म? आणि ‘नॉर्मल’ १५ जण तरी सेंटरला कशासाठी आले होते? रिपोर्ट नॉर्मल असणं वेगळं आणि माणूस निरोगी असणं वेगळं. रेफरल स्लिप मिळत असतील तर त्या काढा, याच्यावर अख्खा निष्कर्ष फिरू शकतो.

हे मी एवढं जोर देऊन सांगते कारण माझ्या हातून झालंय. मापं काढायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये दोन गटांत ०.१ मिलिमीटरचा फरक आला, दोन्ही बाजूंना, स्वच्छ. आम्ही लिहायला पण घेतलं. मग एका ज्येष्ठ सरांनी सगळी यादी तारखेप्रमाणं लावायला सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला, पेशंट जवळजवळ सगळे डोक्याची कॉइल (स्कॅनच्या वेळी डोक्याभोवती बसवतात तो मशीनचा भाग) बदलायच्या आधीचे होते आणि नॉर्मल सगळे नंतरचे. तो हिशेब धरल्यावर फरक राहिलाच नाही. दोन महिन्यांचं काम गेलं, पण चुकीची गोष्ट छापली गेली नाही याचं आजही बरं वाटतं. तेव्हापासून कुठलाही आकडा बघायच्या आधी मी तारखेची रांग लावते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही. प्रत्येक मेंदू स्वतः डोळ्यांनी बघा. ३३ मेंदू आहेत, एका संध्याकाळी चार घेतले तर आठ-नऊ दिवस. एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं जाणारा उभा काप म्हणजे कोरोनल लावा, मागून पुढं एकेक स्लाइस सरकवत या आणि दोन्ही रेघा बघा. गेल्या वर्षी एका मेंदूत उजव्या बाजूला एका ठिकाणी जाडी तीनच्या वर दाखवत होती. झूम केलं तर दिसलं की बाहेरची रेघ सालीवरून उडी मारून खालच्या पडद्यावर गेली होती, तो मोठ्या मेंदूच्या आणि लहान मेंदूच्या मधला टेन्टोरियमचा पडदा. साल करडी, पडदाही करडा, दोघांच्या मधली पाण्याची फट एका ठोकळ्याहून बारीक, सॉफ्टवेअरला ती दिसलीच नाही. व्ही-वनच्या खालच्या भिंतीशेजारी हे वरचेवर होतं, मागच्या टोकाला मोठ्या शिरा आहेत तिथंही होतं. हातानं दुरुस्त करा, आणि करताना हा पेशंट का नॉर्मल हे तुम्हाला माहीत नको. मैत्रिणीला फाइलींची नावं बदलून द्यायला सांगा. माहीत असलं की हात नकळत आपल्याला पाहिजे त्या बाजूला जातो, सगळ्यांचा जातो.

म्हणजे इथंपर्यंतचं एवढंच की तक्त्यातली ओळ तपासा, सिक्वेन्स तपासा, तारीख वय आणि कारण तपासा आणि मग रेघा बघा. आता तुमचा दुसरा प्रश्न, पेशंटची जाडी कमी का येत नाही.

सगळं निर्दोष मोजलं तरी कदाचित येणार नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल. ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे मिटवून ठेवला होता, पुढं माकडांवरही तसे प्रयोग झाले, १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. व्ही-वनमध्ये डाव्या आणि उजव्या डोळ्याचे आलटून पालटून पट्टे असतात (जेन्नारीचा पट्टा वेगळा, हे वेगळे), माणसात एकेक पट्टा मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद. माकडाचा एक डोळा लहानपणी मिटवला तर त्याचे पट्टे अरुंद होतात आणि उघड्या डोळ्याचे रुंद. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर दोन भावांच्या वाटणीतला बांध सरकला. एकाचं रान वाढलं, दुसऱ्याचं घटलं, गटाचं एकूण क्षेत्र तेवढंच, मातीची खोली पण तेवढीच. आता तुम्ही जाडी मोजताय म्हणजे मातीची खोली मोजताय, आणि शोधताय सरकलेला बांध. तो जाडीत दिसेल अशी अपेक्षा कशाला धरायची? आणि माणसात तर बांध सरकतोच असंही नाही, तिरळेपणामुळं लेझी आय झालेल्या एका माणसाच्या मेंदूचा मृत्यूनंतरचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पट्टे नेहमीच्या रुंदीचेच निघाले. म्हणजे तिथं दोष रचनेत नव्हे तर जोडण्यांच्या ताकदीत असावा, जो एमआरआयच्या जाडीला दिसतच नाही.

जाड म्हणजे चांगलं आणि पातळ म्हणजे खराब ही समजूत पण सोडा. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून अंध असलेल्यांमध्ये व्ही-वन उलट जाड भरतो, एकापेक्षा जास्त गटांनी हे दाखवलंय. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की लहानपणी बघताना नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, द्राक्षाच्या छाटणीसारख्या, आणि जिथं बघणंच झालं नाही तिथं ती छाटणी राहून गेली. क्षेत्रफळ मात्र त्यांच्यात कमी भरतं. म्हणून जाडी आणि क्षेत्रफळ वेगळं लिहा, दोघांचा गुणाकार करून नुसतं आकारमान लिहू नका, एक वाढतं एक घटतं आणि गुणाकारात दोन्ही झाकून जातात. क्षेत्रफळ लिहिताना डोक्याच्या आकाराचा हिशेब धरावा लागतो, जाडीचा डोक्याच्या आकाराशी फारसा संबंध नसतो.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते, पण हे तुमच्याकडं वेळ किती आणि गाइड कितपत ऐकणारे यावर आहे. चांगली थ्रीडी सिक्वेन्स किमान १२-१५ पेशंटची आणि त्यांच्या वयाच्या तेवढ्याच नॉर्मलची निघाली तर विषय असा ठेवला असता की या स्कॅनवर व्ही-वनची जाडी आणि क्षेत्रफळ किती भरवशानं मोजता येतं. एकच मेंदू दोनदा मोजा, दोघींनी वेगवेगळा दुरुस्त करा, फरक किती पडतो ते लिहा. पेशंट आणि नॉर्मलमधला फरक दुय्यम ठेवा, एवढ्या कमी लोकांत ०.१ मिलिमीटरचा फरक माणसामाणसातल्या नैसर्गिक फरकात बुडून जातो, फरक नाही आला तरी तसंच लिहा. गाइडना हे पटवायला सोपं आहे, कारण या विषयाला हमखास निकाल आहे. आणि थ्रीडी सिक्वेन्स नसलीच तर मेंदू सोडून तुमच्या हातातलं ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतला फोटो काढणारं मशीन, वापरा, डोळ्याच्या पडद्याची म्हणजे रेटिनाची जाडी ते काही मायक्रॉनच्या अचूकतेनं देतं. लेझी आयमध्ये पडदा बहुतेक नॉर्मलच असतो, पण आधी तो खरंच नॉर्मल आहे हे दाखवणं हाही एक सरळ स्वच्छ प्रोजेक्ट होतो. एथिक्स कमिटीची परवानगी आणि फाइलींमधून नाव, जन्मतारीख काढणं हे मोजायला बसायच्या आधी उरका, थ्रीडी स्कॅनवरून चेहरा बनवता येतो म्हणून चेहऱ्याचा भाग पण पुसायचा असतो.

आज रात्री एवढंच करा, कुठल्याही तीन पेशंटच्या फाइली उघडून स्लाइस थिकनेस, सिक्वेन्सचं नाव आणि स्कॅनची तारीख बघा आणि पेशंटची कसलीही ओळख न देता इथंच खाली लिहा. उद्या संध्याकाळी सातनंतर मी बघते, मग पुढचं बोलू.